शब्दाला सव्वा रुपया

मे महिना. वाठोड्यातली वरची खोली,
कूलरच्या ताट्या अर्ध्याच भिजतात.
मी कायद्याचं मराठी करते आहे,
शब्दाला सव्वा रुपया.

कंपनी औषधांची. ॲप आहे तिचं.
नवा नियम आला, आणि आता तिला
साध्या मराठीत विचारायचं आहे लोकांना
की तुमची साखर, तुमचा पत्ता, तुमची झोप
आम्ही घेऊ का.
घेऊन झालेली आहे, ते वेगळं.

बत्तीस पानं.
'विनिर्दिष्ट प्रयोजनार्थ' मी खोडलं,
'ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी' लिहिलं.
शब्द इंग्रजीतलेच मोजतात;
सोपं केलं की नुकसान माझं.

खाली बाबा. डोमाजी सोनकुसरे, वय एकाहत्तर,
कळमन्याच्या संत्रा बाजारात एकतीस वर्षं तोलारी.
रामनवमीच्या आधी त्यांनी त्याच ॲपवर
जेवणानंतरची साखर टाकली: दोनशे अठरा.
संध्याकाळी पहिला फोन, कारल्याची पावडर.
दुसऱ्या दिवशी विमा. मग पायाच्या नसा.
मग एक मुलगी, फार गोड आवाजाची,
काका, डोळे तपासले का?
बाबा म्हणाले, चश्मा लावूनच बोलून राहिलो बाई.

रेट मला माहीत होता.
हिंगणा रोडच्या ज्या एजन्सीत मी आधी होते
तिथे याद्या यायच्या.
नुसता नंबर सात पैसे, वयासकट अठरा,
आजारासकट चाळीस.
आजार जुना असेल तर पंचेचाळीस,
कारण गिऱ्हाईक टिकतं.

जेवताना सांगून टाकलं.
बाबांचा घास वरणातच राहिला.
"माह्या शुगरचे चाळीस पैसे?"
हो.
"अन् भेटले कोणाले?"

मग त्यांनी बाजार सांगितला,
आधी कधी सांगितला नव्हता तसा.
आंबिया बहाराचा ढीग, भोवती व्यापारी,
दलालाचा हात रुमालाखाली,
बोटं बोटांना भाव सांगत,
बाहेरच्याला काही दिसत नसे.
"अर्धी चोरीच होती म्हन.
पण संत्र्यावाला ढिगाजवळ उभा राहे.
तो लघवीले गेला तरी
आम्ही काटा थांबवून ठेवू."

वर येऊन अकरावं पान उघडलं.
जिची माहिती आहे ती व्यक्ती:
कायद्याचा शब्द जड, दातात अडकणारा.
मी लिहिलं, माहितीचा मालक.
रात्री बाराला बाबांना वाचून दाखवलं.
"कोन मालक?"
तुम्ही.
ते हसले, मग खोकले.
घर आईच्या माहेरचं, सायकल सोसायटीची,
जन्मभर दुसऱ्याचा माल तोललेला माणूस
उजवा पंजा उलटासुलटा करून बघत बसला
आणि बराच वेळ झोपायला गेला नाही.

सकाळी कंपनीचा मेल.
छान झालंय. एकच दुरुस्ती:
सगळीकडे 'मालक' काढून 'वापरकर्ता' करा,
लीगलचं म्हणणं आहे.
एकोणनव्वद ठिकाणी होता.
एका क्लिकमध्ये गेला.
बाबांना मी सांगितलं नाही.

जूनच्या शेवटी त्यांच्या फोनवर ते उगवलं,
माझं मराठी, मुंगीएवढ्या अक्षरात,
खाली मोठं हिरवं बटण.
त्यांनी खालून हाक मारली,
"हे तुह्यंच लिहिलेलं आहे न? मंग दाबतो."
थांबा, मी ओरडले,
अर्ध्या जिन्यात, एका पायात चप्पल.
बत्तीस पानं आहेत, बाबा.

"वाच न मंग.
मी कुठी चाललो."